कंपन्यांचा गाफीलपणा आणि इंटरनेट सुरक्षा: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नरिमन पॉइंटच्या ऑफिसांपासून वसईच्या गाळ्यांपर्यंत आयटी ऑडिट करत फिरणं हे माझं पोटापाण्याचं काम. तिथले मालक, अकाउंटंट, आयटीतली पोरं आणि घराजवळचे शेजारीपाजारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. मी स्वतः पाहिलेल्या ऑफिसांची नावं दिलेली नाहीत. ज्या घटना जगजाहीर आहेत, त्यांची दिली आहेत.

आमची कंपनी छोटी. आम्हाला कोण कशाला हॅक करेल?

तुम्हाला ठरवून करेलच असं नाही. बहुतेक वेळा समोरच्याला तुमचं नावही माहीत नसतं. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता यंत्रं रात्रंदिवस चाचपत असतात. जुनं सॉफ्टवेअर, उघडा राहिलेला रिमोट डेस्कटॉप, 'ॲडमिन' हाच पासवर्ड, असं काही हाती लागलं की मग माणूस डोकावतो.

कधी कधी निशाणा भलताच असतो आणि गोळी तुम्हाला लागते. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' हा संगणक निकामी करणारा व्हायरस सुटला तो युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरतात त्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्यात डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क सापडली, आणि मर्स्कच्या गटातलं एक टर्मिनल होतं आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीत. संगणक बंद पडले आणि तिथलं काम अडलं. कंटेनर घेऊन आलेल्या ट्रकवाल्याचं युक्रेनच्या करखात्याशी काय देणंघेणं होतं? मर्स्कनं पुढं सांगितलं की सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. नुकसानीचा त्यांचाच अंदाज होता २५ ते ३० कोटी डॉलर.

चूक कुणाकडूनही होते. मग गाफीलपणा कशाला म्हणायचं?

ज्या भगदाडाची खबरच नव्हती, तिथून कुणी आत आलं तर ती चूक म्हणू. भगदाड माहीत होतं, कागदावर लिहिलेलं होतं, आणि तरी तारीख पुढं ढकलली गेली, तर त्याला गाफीलपणाच म्हणावं लागेल. मी जे पाहतो त्यात दुसरा प्रकार कितीतरी जास्त.

तो कसा दिसतो ते सांगतो. अंधेरी पूर्वेला एका वित्तसंस्थेत मला एक्सेल शीट दाखवली गेली. त्यात सुरक्षा तपासणीत सापडलेले मुद्दे ओळीनं लिहिलेले. पुढं रकाने: गांभीर्य, ओनर, टार्गेट डेट, रिमार्क. एका ओळीत गांभीर्य 'क्रिटिकल' होतं, ते खोडून 'हाय' झालं, मग 'मीडियम'. भगदाड तेच, सर्व्हर तोच. टार्गेट डेट आधी ३० जून, मग ३० सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर, मग अर्थातच ३१ मार्च. ओनरच्या रकान्यात 'आयटी टीम', म्हणजे कुणीच नाही. रिमार्क: 'व्हेंडरशी चर्चा चालू'. शेवटी त्या ओळीला एक फॉर्म जोडला होता, 'रिस्क ॲक्सेप्टन्स'. म्हणजे धोका आहे हे आम्हाला मान्य आहे आणि आम्ही तो स्वीकारतो. खाली एका मॅनेजरची सही. या गृहस्थांना ऑफिसात नवी खुर्ची घ्यायची तर वरून मंजुरी लागते. पण हजारो कर्जदारांचे आधार, पॅन आणि पगाराच्या स्लिपा यांच्यावरचा धोका त्यांनी एका सहीत स्वीकारला होता. कर्जदारांना कुणी विचारलं नव्हतं. ज्याचा डेटा, त्याचाच धोका, आणि सही तिसऱ्याची.

मोठ्या घटना उकलल्या की आत बहुतेकदा अशीच एखादी ओळ सापडते. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमानांकन कंपनीचं घ्या. ज्या भगदाडातून चोर शिरले, त्याचा पॅच, म्हणजे ते बुजवणारी सॉफ्टवेअरची दुरुस्ती, मार्च २०१७ मध्ये आली होती, सरकारी यंत्रणेनं इशाराही दिला होता. चोर मेमध्ये आत आले आणि जुलैअखेरपर्यंत राहिले. जाणारी-येणारी माहिती तपासणारं यंत्र होतं, पण त्याचं प्रमाणपत्र कधीचं संपलेलं, म्हणून ते आंधळं बसून होतं. नूतनीकरण केलं आणि लगेच गडबड दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती.

आणि आपल्या फोर्टातलं ब्रॅडी हाऊस? पंजाब नॅशनल बँकेच्या त्या शाखेतला सुमारे १४ हजार कोटींचा घोटाळा २०१८ च्या सुरुवातीला उघड झाला. तिथं बाहेरचा हॅकर लागलाच नाही. परदेशी बँकांना हमी देणारे स्विफ्टचे (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्याचे) संदेश बँकेच्या मुख्य प्रणालीत नोंदलेच जात नव्हते, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. या धोक्याबद्दल ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना किमान तीनदा सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेनं नंतर जाहीर केलं.

पॅच आलेला असतो, तर लगेच का टाकत नाहीत?

इथं आयटीवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. पॅच टाकला आणि सकाळी बिलिंग बंद पडलं, तर शिव्या त्यांनाच. म्हणून आधी चाचणी, मग युझरची संमती, मग शनिवारी रात्रीची बंद-वेळ. महिनाअखेर आली की 'फ्रीझ', गणपतीत अर्धी टीम कोकणात, मार्चमध्ये तर कुणी बोटही लावू देत नाही. त्यातून एखादं जुनं सॉफ्टवेअर असतं, ते बनवणारी कंपनीच बंद पडलेली, आणि ते फक्त विंडोजच्या जुन्या आवृत्तीवरच चालतं.

ही कारणं खरी आहेत, पण प्रत्येकावर पैशानं आणि नियोजनानं तोड निघते: चाचणीसाठी वेगळी यंत्रणा, एक जास्तीचा माणूस, जुन्या सर्व्हरला नेटवर्कमध्ये वेगळं कोंडून ठेवणं. ते पैसे मागितले की 'पुढच्या बजेटमध्ये बघू'. 'वॉनाक्राय'नं १२ मे २०१७ ला जगभर संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. दोन महिने मिळाले होते.

आमच्याकडे दरवर्षी ऑडिट होतं, आयएसओचं प्रमाणपत्र रिसेप्शनला लावलंय. एवढं पुरत नाही?

माझा धंदाच तो, म्हणून मोकळेपणानं सांगतो: नाही पुरत. प्रमाणपत्र बघायचं असेल तर त्यावरचा 'स्कोप' वाचा, बारीक अक्षरात असतो. अनेकदा प्रमाणपत्र असतं मुख्य ऑफिसच्या एका मजल्याचं, आणि ग्राहकांचा डेटा असतो महापेच्या डेटा सेंटरमध्ये नाहीतर मालाडच्या कॉल सेंटरमध्ये. भेदता चाचणी, म्हणजे हॅकरसारखं आत शिरता येतं का ते बघायची चाचणी, करायला बोलावतात आणि खऱ्या प्रणालीऐवजी चाचणीची प्रत पुढं ठेवतात, कारण 'लाइव्हला हात लावू नका, सर'. रिपोर्ट स्वच्छ येतो, सगळे चहा पितात.

टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीला कार्ड सुरक्षेच्या मानकाचं प्रमाणपत्र सप्टेंबर २०१३ मध्ये मिळालं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आले वातानुकूलन यंत्रणेच्या कंत्राटदाराच्या लॉगिनमधून. धोक्याची घंटा वाजवणारं महागडं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं, ते वाजलंही. कुणी लक्ष दिलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण वांद्रे-कुर्ला संकुलातलंच आहे. २४ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घेण्यावर आणि नवी क्रेडिट कार्ड देण्यावर बंदी घातली. कारणांची यादी वाचण्यासारखी आहे: आयटी साधनांची नोंद, पॅच आणि बदलांचं व्यवस्थापन, कुणाला कशात शिरता येतं याचं नियंत्रण, व्हेंडरकडून येणारा धोका, डेटा गळती रोखण्याची व्यवस्था. २०२२ आणि २०२३ अशा सलग दोन वर्षांच्या तपासणीत हे दिसलं आणि बँकेनं ते वेळेत, नीट निस्तरलं नाही, असं नियामकाचं म्हणणं होतं. बंदी उठली १२ फेब्रुवारी २०२५ ला. दंड ठोकला असता तर कुठल्याही मोठ्या बँकेनं तो खर्चात टाकून दिला असता. नवे ग्राहक थांबले की संचालक मंडळ आठवड्याला बैठक घेतं. या प्रकारची कारवाई मला दंडापेक्षा जास्त पटते.

लिंक तर क्लार्कनंच दाबली होती. मग दोष त्याचा नाही का?

ज्या माणसाला दिवसाला दोनशे मेल उघडावे लागतात, त्यातल्या निम्म्यांत 'इनव्हॉइस अटॅच्ड' असतं, तो कधीतरी चुकीची फाइल उघडणारच. हे गृहीत धरून यंत्रणा उभी करायची असते. एका क्लिकनं अख्खं ऑफिस बसत असेल, तर क्लिकच्या आधी आणि नंतर काहीच नव्हतं असा त्याचा अर्थ.

वरच्यांना मात्र खालचं नाव सापडलं की बरं वाटतं. इक्विफॅक्सचे माजी प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढं ऑक्टोबर २०१७ मध्ये म्हणाले की पॅचचा निरोप पुढं पोचवणारी एक व्यक्ती चुकली. एवढ्या लोकांची माहिती आणि ती एका व्यक्तीच्या निरोपावर टांगलेली, ही रचना कुणी केली होती? २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही तेलवाहिनी बंद पडली, कारण चोर आत आले एका जुन्या, विसरलेल्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या खात्यातून. त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर ही वैद्यकीय बिलांचं काम बघणारी अमेरिकी कंपनी कोलमडली, तिथंही एका पोर्टलवर दुसरा टप्पा नव्हता, आणि २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी गेली. ओटीपीसारखा दुसरा टप्पा सगळीकडे सक्तीचा करायचा की नाही, हे कुठल्या क्लार्कच्या हातात असतं?

काही ऑफिसांत चाचणी म्हणून खोटे फिशिंग मेल, म्हणजे लिंक दाबायला लावणारे फसवे मेल, पाठवून फसलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर लावतात. याचा परिणाम एकच: पुढच्या वेळी खरी लिंक दाबली गेली तर माणूस गप्प बसतो. आणि पहिला अर्धा तास हाच तर मोलाचा असतो.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या तरी नीट असतील?

मायक्रोसॉफ्टचंच बघा. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्सनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की नवी फीचर आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. वर्षभरानं, जानेवारी २००३ मध्ये 'स्लॅमर' हा व्हायरस पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्याच काही सर्व्हरवर सहा महिन्यांपूर्वीचा पॅच टाकलेला नव्हता. नंतर काम बरंच सुधारलं, हे मान्य करायला हवं. पण २०२३ मध्ये त्यांच्या क्लाउडमधून अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांचे मेल वाचले गेले, तेही २०१६ साली तयार केलेल्या आणि कधीच निवृत्त व्हायला हव्या होत्या अशा एका चावीनं. अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळानं एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला: ही घटना टाळता आली असती, आणि कंपनीतली सुरक्षेची संस्कृती पुरेशी नव्हती. बावीस वर्षांनी गाडी पुन्हा त्याच स्टेशनावर.

डेटा व्हेंडरकडून गेला. मग कंपनी हात वर करू शकते?

करतात खऱ्या. मे २०२१ मध्ये एअर इंडियानं जाहीर केलं की सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली आहे, ऑगस्ट २०११ पासूनची. गळती झाली होती सीता या प्रवासी-सेवा पुरवठादाराकडे. पण प्रवाशानं पासपोर्टचा नंबर दिला तो एअर इंडियाला. सीता नावाची कंपनी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

डेटा संरक्षण कायद्यात हे स्पष्ट आहे: काम कुणाकडूनही करून घ्या, माहिती ज्यानं गोळा केली त्याची जबाबदारी सुटत नाही. व्हेंडरशी करार करून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

आमची सहकारी बँक घरच्यासारखी आहे. मॅनेजर नावानं ओळखतात. तिथं पैसे जास्त सुरक्षित नाहीत का?

मॅनेजर ओळखतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण सर्व्हर ओळखत नाही. छोट्या बँकांचं तंत्रज्ञान बहुधा बाहेरून घेतलेलं असतं, अनेक बँकांचं मिळून एकाच कंपनीकडून. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज या अशा पुरवठादारावर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून त्याला पेमेंटच्या जाळ्यातून वेगळं काढलं आणि देशभरातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं. ग्राहक शाखेत जाऊन मॅनेजरवर ओरडले, आणि मॅनेजरच्या हातात फोन करण्यापलीकडे काही नव्हतं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तर प्रत्येक सहकारी बँकेच्या संचालकाला तोंडपाठ असायला हवं. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँक बंद. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी व्यवस्था बाजूला सारून स्वतःची खोटी व्यवस्था मध्ये बसवली. मग २८ देशांत बनावट कार्डांनी काही तासांत पैसे निघत राहिले, आणि खोटी व्यवस्था प्रत्येकाला 'हो' म्हणत राहिली. दोन दिवसांनी स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पैसे बँकेचे गेले, खातेदारांच्या खात्यांतून कापले गेले नाहीत. पण एखादी छोटी बँक असती तर?

इथं एक गैरसमज फार आहे. ठेव विम्याचे ५ लाख हॅकिंगसाठी नसतात. बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तरच ते मिळतात.

वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशावर तासभर बोलणं होतं. तिथं एक प्रश्न विचारून बघा: सुरक्षा अधिकारी कोण, आणि मागच्या तपासणीतले किती मुद्दे अजून उघडे आहेत? सभासद म्हणून तुम्हाला तो अधिकार आहे.

माझ्या खात्यातून पैसे गेले. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिला असणार. आता?

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, जेवण नंतर. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता येतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी कळवा. फोनवर 'नोंद घेतली' म्हणाले तर तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, मेलही पाठवा. पुढचं सगळं या तारखेवर ठरतं.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा गाभा असा. बँकेच्या चुकीनं किंवा निष्काळजीपणानं पैसे गेले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवलं असो वा नसो. दोष बँकेचाही नाही आणि तुमचाही नाही, तिसरीकडंच काही झालं, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. त्यापुढं बँकेच्या धोरणावर. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. आणि यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य, जे काउंटरवर कुणी सांगत नाही: ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. 'असणार' हा पुरावा नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये याच परिपत्रकाचा आधार घेऊन बँक ऑफ बडोदाला एका ग्राहकाचे आणि त्याच्या कंपनीचे ७६ लाख ९० हजार परत द्यायला सांगितलं. पैसे ज्यांच्या खात्यांत गेले ती नावं ग्राहकाला ओटीपी न येताच जोडली गेली होती. बँकिंग लोकपालाकडे दाद लागली नव्हती, उच्च न्यायालयात लागली.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नसते. एक दार मात्र बहुतेकांना ठाऊक नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे आयटी सचिव हे न्यायनिवाडा अधिकारी असतात आणि ५ कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकतात. आपल्यासाठी म्हणजे मंत्रालय. २०१३ मध्ये तिथूनच एका सरकारी बँकेला पुण्याच्या एका व्यावसायिकाला ४५ लाख देण्याचा आदेश झाला होता.

नव्या डेटा कायद्यानं मला भरपाई मिळेल ना? २५० कोटींचा दंड आहे म्हणे.

दंड आहे. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत, गळती लपवली तर २०० कोटींपर्यंत. पण तो सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खिशात नाही. उलट जुन्या आयटी कायद्यातलं जे ४३ अ कलम कंपनीकडून भरपाई मागू द्यायचं, ते याच कायद्यानं रद्द होणार आहे. २०२३ च्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं, तसंच ४३ अ रद्द होणं, हे सगळं त्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतं. तोवर ४३ अ आहे. नुकसान झालेलं असेल तर थांबू नका.

नागरिकाला मात्र खोटी तक्रार केल्याबद्दल १० हजारांपर्यंत दंड आहे. ती तरतूद लिहायला कुणी विसरलं नाही.

गळती झाल्यावर कंपनीनं किती वेळात सांगायला हवं?

सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेला सहा तासांत. हा आदेश २८ एप्रिल २०२२ चा, त्यातच १८० दिवसांचे लॉग (संगणकांवर काय घडलं याच्या नोंदी) जपून ठेवायलाही सांगितलं आहे. नवे डेटा नियम लागू झाले की डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित लोकांना विनाविलंब, आणि मंडळाला ७२ तासांत तपशीलवार.

प्रत्यक्षात पहिली बातमी येते ती बहुधा टेलिग्रामवर कुणी डेटा विकायला काढल्यावर. मग प्रसिद्धिपत्रक: 'आपल्या माहितीची सुरक्षा ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे'. हे वाक्य दिसलं की समजा, काय गेलं ते सांगायचं नाहीये. कामाचं पत्रक तीन गोष्टी सांगतं: काय गेलं, कधीपासून जात होतं, आणि तुम्ही आज काय करायचं.

लपवण्याचा प्रयत्न अंगाशी येतो, निदान अमेरिकेत तरी. उबरनं २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेल्यावर चोरांना १ लाख डॉलर देऊन तोंड बंद केलं. त्यांच्या सुरक्षा प्रमुखाला २०२२ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं.

मग थेट संचालकांना जबाबदार धरता येतं का?

बँका आणि वित्तसंस्थांपुरतं तरी कागदावर बरंच आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सुरक्षा अधिकारी आयटी प्रमुखाच्या हाताखाली असता कामा नये आणि त्याला धंद्याचं कुठलंही टार्गेट देता येत नाही. कारण सरळ आहे: ज्याच्या कामातल्या त्रुटी काढायच्या, त्यालाच रिपोर्ट करायचा असेल तर 'क्रिटिकल'चं 'मीडियम' होणारच. शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी सेबीनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतंत्र चौकट आणली. बाकीच्या कंपन्यांत, म्हणजे दवाखाने, शाळा, बिल्डर, कपड्यांचे ब्रँड, कुणी विचारणारं नाही.

बॉम्बे हाऊसपर्यंत, म्हणजे टाटांच्या मुख्यालयापर्यंत, ही झळ कशी पोचते, ते २०२५ मध्ये दिसलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला टाटा मोटर्सच्या जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधलं उत्पादन महिनाभराहून जास्त बंद राहिलं. तिथल्या एका सायबर देखरेख केंद्रानं देशाच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान सुमारे १.९ अब्ज पौंड धरलं. सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांना पगार द्यायची पंचाईत झाली.

माझं मत विचाराल तर कायद्याची वाट न बघता एक गोष्ट करता येते. धोका स्वीकारण्याची सही किती रकमेपर्यंतची कुणाची, हे खर्चाच्या सहीसारखंच ठरवा. लाखभर ग्राहकांच्या माहितीचा धोका असेल तर सही व्यवस्थापकीय संचालकाची, आणि मुदत संपली की पुन्हा त्यांचीच. दोन कंपन्यांत हे करून घेतलं. संचालकांच्या टेबलावर फॉर्म गेल्यावर वर्षभर अडलेले मुद्दे महिन्याभरात सुटले, पैसेही निघाले.

२०२० मध्ये मुंबईची वीज गेली, ती हॅकिंगनंच ना?

१२ ऑक्टोबर २०२० ला लोकल थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. पुढच्या वर्षी एका अमेरिकी कंपनीच्या अहवालानंतर चिनी हॅकरांची चर्चा झाली आणि राज्य सरकारनंही तसा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हे कारण सांगितलं. हॅकिंगनंच गेली असं ठामपणे म्हणता येत नाही.

सोसायटीच्या गेटवरचं ॲप फोटो, फोन नंबर, गाडीचा नंबर, सगळं मागतं. नाही म्हणता येतं?

म्हणा. आणि सेक्रेटरींना विचारा की सोडून गेलेल्या भाडेकरूंची नोंद कधी पुसली जाते. बहुधा कधीच नाही. कमिटी बदलते तेव्हा ॲडमिनचा पासवर्डही बदलायला हवा. जुने सेक्रेटरी अजून लॉगिन करत असतात, वाईट हेतूनं नाही, सवयीनं.

दहा-पंधरा माणसांची कंपनी. बजेट नाही. निदान काय करावं?

वसईच्या एका गाळ्यात अकाउंटंट म्हणाले, 'बॅकअप आहे ना, सर, रोज घेतो.' हार्ड डिस्क त्याच संगणकाला चोवीस तास लावलेली. रॅन्समवेअर आलं तर टॅलीचा डेटा आणि बॅकअप दोन्ही एकदमच कुलूपबंद. तर पहिलं काम: बॅकअप घेऊन झाला की डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्यातून खरंच डेटा परत येतो का ते बघा. दुसरं, मेल आणि बँक यांना दोन टप्प्यांची पडताळणी. तिसरं, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद. चौथं, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा आणि राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, आणि बाहेरून दिसायची गरज नसेल तर ते इंटरनेटवरून काढा. पाचवं, पुरवठादाराचा 'खातं बदललंय' असा मेल आला की जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. बँकेची साइट उघडताना पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे का बघा. ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सगळ्या बँकांना तिथं यायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. एक शनिवार लागतो.

मी आयटीत आहे. मोठं भगदाड दिसतंय, साहेब ऐकत नाहीत. काय करू?

तोंडी सांगत राहू नका. साध्या भाषेत मेल लिहा: काय उघडं आहे, त्यातून काय जाऊ शकतं, दुरुस्तीला किती वेळ आणि पैसे, आणि कधीपर्यंत निर्णय हवा. तांत्रिक शब्द कमी ठेवा, 'रिमोट कोड एक्झिक्युशन' वाचून साहेब पुढं जातात. 'बाहेरचा माणूस पगाराच्या फाइली डाउनलोड करू शकतो' वाचून थांबतात. उत्तर आलं नाही तर तोच मेल अंतर्गत ऑडिट किंवा कंपनी सेक्रेटरीच्या प्रतीसह पुन्हा. पुढं ढकलायचं ठरलं, तर ठरवणाऱ्याचं नाव आणि तारीख असलेला कागद मागा. ओनरच्या रकान्यात 'आयटी टीम' लिहू देऊ नका, तुम्ही त्या टीममध्येच आहात.

एक गोष्ट चुकूनही करू नका: 'बघा, मी शिरून दाखवतो' म्हणत परवानगीशिवाय आत शिरणं. हेतू कितीही चांगला असला तरी आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांत तुम्हीच सापडाल, आणि ज्यांनी वर्षभर मेल वाचला नाही ते तक्रार द्यायला तासाभरात पोलीस ठाण्यात पोचतील. भगदाड दुसऱ्या कंपनीचं असेल, तर चाचणी न करता जे दिसलं तेवढंच सर्ट-इनला कळवा. ते संबंधित कंपनीपर्यंत पोचवतात.